साक्ष दिल्याची शिक्षा

आमच्या बपेऱ्याहून खैरलांजी फार लांब नाही. भंडारा जिल्ह्यातला आमचा तुमसर तालुका, त्याला लागून मोहाडी, आणि मोहाडीत खैरलांजी. धान तोच, बोली तीच, सोयरिकीही इकडून तिकडे होतात. तरी बावनथडी नदीच्या या काठावर खैरलांजीचं नाव निघालं की माणूस मान हलवतो आणि म्हणतो, "थे तिकडचं परकरन होय." मध्ये जणू समुद्र पडला आहे. तिकडे गेलात तर ऐकायला मिळतं, "जिल्ह्याची फुकट बदनामी झाली." चार माणसं ठेचून मारली गेली त्याचं कुणाला काही नाही. बदनामी मात्र जिव्हारी लागली.

२९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भोतमांगे कुटुंबाच्या घरावर जमाव चालून गेला. सुरेखा भोतमांगे, तिची मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर या चौघांना मारलं आणि बैलगाडीत घालून कालव्यात नेऊन फेकलं. सुरेखाचा नवरा भैयालाल तेवढा वाचला. शेतातून रस्ता काढण्याचा जुना वाद होता. एक बौद्ध कुटुंब ताठ मानेने राहतं, पोरांना शिकवतं, याची जळफळ होती. हे सगळं खरं. पण जमाव त्याच दिवशी का निघाला? त्या महिन्याच्या सुरुवातीला धुसाळ्याचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली होती. मारणारे कोण, हे सुरेखाबाईने पोलिसांना सांगितलं. त्यावरून अटक झाली. आरोपी २९ तारखेला जामिनावर सुटले, आणि दिवस मावळायच्या आत हिशेब चुकता करायला निघाले.

म्हणजे तिचा गुन्हा एवढाच, की तिने पाहिलं आणि पाहिलेलं सांगितलं.

माझं भांडण इथून सुरू होतं. बाईवरचा अत्याचार आपण पचवतो, त्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आपल्याला पचत नाही ती बाईची साक्ष. मार खाऊन गप्प बसलेली बाई गावाला चालते. तिच्याबद्दल हळहळतात, सणाला तिच्या घरी पुरणपोळीचं ताटही जातं. तीच बाई ठाण्याची पायरी चढली, नावानिशी बोलली, की त्या दिवसापासून गुन्हेगार ती. मग तिचं चालणं, बोलणं, तिच्या घरी कोण येतं, ती कोणाच्या गाडीवर बसते, सगळ्याचा पंचनामा सुरू होतो. करणाऱ्याचा पंचनामा करायला मात्र कोणाला सवड नसते.

सुरेखाबाईचं हेच झालं, आणि मेल्यावर झालं. ती माती झाल्यावर गावाने तिच्या चारित्र्याची गोष्ट रचली. ती गोष्ट ठाण्यात पोचली, तिथून वर्तमानपत्रांत. ज्याच्या बाजूने साक्ष दिली त्या माणसाशीच तिचे संबंध होते म्हणे. चार खून झालेत आणि चर्चा कशाची, तर मेलेल्या बाईच्या अंथरुणाची! या चर्चेत शिकलेसवरलेले होते, मास्तर होते, स्वतःला बहुजन म्हणवणारे होते. फुले जयंतीला हार घालणारे हातही त्यांत होते. महात्मा फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा तिथे येणाऱ्या बाईला गुपचूप, सुरक्षित बाळंत होता यावं असा त्यांचा दंडक होता. आपण हार तेवढा उचलला, दंडक सोडला.

त्या मायलेकींवर लैंगिक अत्याचार झाला होता का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला गेला. उत्तर देऊ शकणारा एकच कागद होता, शवविच्छेदनाचा. पहिली तपासणी त्या दृष्टीने नीट झालीच नाही असा आक्षेप आला, आणि पुरलेले देह उकरून पुन्हा तपासावे लागले. तोवर पुरावा मातीला मिळाला होता. पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, नागपूरपासून अमरावतीपर्यंत लोक रस्त्यावर उतरले, तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पण अॅट्रॉसिटीचा कायदा इथे लागू होत नाही असं म्हटलं. विनयभंगाचा आरोपही सिद्ध झाला नाही. हा सूडाचा प्रकार होता, असं ठरलं. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा बदलून २५ वर्षांची जन्मठेप केली. जातीचा प्रश्न तिथेही बाहेरच राहिला.

न्यायाधीशाला दोष देणं सोपं आहे, आणि तो दिलाही पाहिजे. पण कोर्ट पुढ्यात आलेल्या पुराव्यावर चालतं. पुरावा कोणाजवळ होता? गावाजवळ. अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत जे घडलं त्याबद्दल तोंड उघडणारे मोजकेच निघाले. बाकीच्यांनी त्या संध्याकाळी काही पाहिलं नव्हतं. कोणी बाजाराला गेलं होतं, कोणाचा डोळा लागला होता, कोणी शेतावर होतं. बाया तर साऱ्या घरात होत्या! भैयालालला नुकसानभरपाई मिळाली, नोकरी मिळाली. त्याला हवं होतं ते एक कलम मिळालं नाही. अॅट्रॉसिटीचं ते कलम मागत मागतच २० जानेवारी २०१७ ला तो गेला.

हाच तो जिल्हा, जिथल्या मतदारांनी १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांना पाडलं होतं. आता प्रत्येक चौकात त्यांचा पुतळा आहे. पुतळा साक्ष मागत नाही, म्हणून सोयीचा.

आमची बावनथडी वैनगंगेला मिळते. वैनगंगा भंडारा, पवनी करत खाली देसाईगंजला जाते, तिला वडसाही म्हणतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूरमध्ये होतं. तिथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा नावाच्या एका आदिवासी मजूर मुलीला "चौकशीसाठी" थांबवून घेण्यात आलं. बरोबर आलेल्यांना बाहेर काढलं, दार लावलं, दिवे मालवले. आत एक शिपाई आणि एक हवालदार. बाहेर तिची माणसं अंधारात तिच्या नावाने हाका मारत उभी. मुलगी बाहेर आली आणि तिने तिथेच, ठाण्याच्या दारात, जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं. काय झालं आणि कोणी केलं, दोन्ही सांगितलं. सोळा वर्षांच्या आतबाहेरची पोर ती. शाळा नाही, मायबाप नाहीत, मोलमजुरीवर जगणारी. साक्ष कशी द्यावी हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या साक्षीचं काय झालं ते पाहा. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला खोटारडी ठरवलं आणि आरोपींना सोडलं. कारण? डॉक्टरने दोन बोटांची चाचणी केली होती, आणि त्यावरून तिला "सवय" असल्याचा निष्कर्ष निघाला होता. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणं आणि संमती देणं यांत फरक आहे, असं त्या न्यायमूर्तींनी सरळ सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये तोही निकाल उलटवला. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं असणार! रात्री, बंद ठाण्यात, दोन वर्दीवाल्यांपुढे एका मजूर पोरीने किती मोठ्याने ओरडायला हवं होतं, हे त्या निकालात सांगितलेलं नाही.

पुढे १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. नागपूरच्या सीमा साखरे यांनी मथुरेच्या बाजूने आवाज उठवला, मुंबईत बाया रस्त्यावर आल्या. त्या रेट्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने "माझी संमती नव्हती" म्हटलं तर न्यायालयाने ते गृहीत धरावं, सुनावणी बंद दाराआड व्हावी, पीडितेचं नाव छापू नये. हे तिन्ही मथुरेचं देणं आहे. तिला स्वतःला त्यातलं काही मिळालं नाही. ज्या दोघांना तिने ओळखलं ते निर्दोषच राहिले, आणि ती मजुरीला गेली.

नाव छापू नये, हा नियम आपण कसा पाळतो? फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात मुरमाडीच्या विहिरीत तीन बहिणींचे मृतदेह सापडले. शाळकरी पोरी. बलात्कार आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पुढल्या महिन्यात देशाच्या गृहमंत्र्यांनी राज्यसभेत निवेदन करताना त्या तिघींची नावं वाचून दाखवली. विरोधकांनी हरकत घेतली, मग ती कामकाजातून काढली. जो कायदा गृहखात्याला राबवायचा, तो खात्याच्या मंत्र्यालाच ठाऊक नव्हता. मग गावच्या पोरांनी मोबाईलवर फोटो फिरवले तर कोणाला बोलायचं?

हा रोग आपल्याच मातीचा आहे, असं समजून स्वतःला कोसत बसायचं कारण नाही. तो जगाचा आहे. आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढेही बाईच्या साक्षीचं असंच झालं, आणि ती गोष्ट आपल्या लोकांनी ऐकायला हवी.

रवांडा या आफ्रिकी देशात १९९४ मध्ये तुत्सी जमातीचा वंशसंहार झाला. लाखो माणसं कापली गेली, आणि बलात्कार झालेल्या बायांचा संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने दिलेला अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत होता. खटल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरूशा या गावी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसवलं. ताबा नावाच्या वस्तीचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर पहिला खटला उभा राहिला तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. तपास करणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं. खून मोजले, घरं मोजली, बायांना तेवढं विचारायचं राहिलं. साक्ष चालू असताना एका बाईने ओघात सांगितलं, की माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. पीठावर तीन न्यायाधीश होते, त्यांत एकच स्त्री, नवनेथम पिल्ले. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनच्या, तमिळ वंशाच्या, बस ड्रायव्हरची मुलगी. न्यायाधीशांनी तो धागा सोडला नाही, पुढे प्रश्न विचारले. जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं, ताबाच्या बायांना पुन्हा बोलावलं, आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार असू शकतं, असं जगात पहिल्यांदा लिहिलं गेलं. जिथे चहूबाजूंनी बळजबरी आहे तिथे बाईच्या अंगावर जखमा शोधत बसायचं नाही, धाक पुरेसा आहे, हेही त्या निकालात आलं. देसाईगंजच्या ठाण्याबद्दल चार प्राध्यापकांनी जे एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ते शेवटी अरूशात कायदा झालं.

त्या न्यायाधिकरणाचे नियमही चांगले होते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा टेकू मागायचा नाही. तिचं आधीचं वागणं पुराव्यात आणायचं नाही. आपल्याकडे बाईच्या "सैल चारित्र्या"वर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची सोय पुरावा कायद्याच्या कलम १५५ मध्ये २००२ पर्यंत होती. इंग्रजाने १८७२ मध्ये दिलेली, आपण स्वराज्यात पंचावन्न वर्षं जपून ठेवलेली.

पण नियम कागदावर असतो आणि हसू तोंडावर. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याच अरूशात, बुटारे खटल्यात, एक बाई साक्षीला उभी होती. नोंदीत तिचं नाव फक्त "टीए". तिच्यावर अनेकदा बलात्कार झाला होता. आरोपींच्या वकिलांनी तिला हजारावर प्रश्न विचारले. त्यांत एक असा: त्या दिवसांत तू अंघोळ केली होतीस का? म्हणजे जिच्या अंगाला वास येतो तिच्यावर कोण कशाला बलात्कार करील, असा त्या प्रश्नाचा रोख. आणि पीठावरचे न्यायाधीश हसले. पुढे सांगण्यात आलं, की बाईला नव्हे, वकिलाच्या प्रश्न विचारण्याच्या तऱ्हेला हसले. असेल. पण पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला हसण्याचा पत्ता कसा कळणार? रवांडातल्या पीडितांच्या संघटनांनी या सगळ्याला विटून न्यायाधिकरणाशी सहकार्य थांबवलं. ती बाई परत गेली तेव्हा तिच्या आधी बातमी पोचली होती. संरक्षणासाठी नाव लपवलं होतं ना? वस्तीत सगळ्यांना ठाऊक. लग्न ठरलेला माणूस सोडून गेला. तिच्या घरावर हल्ला झाला. पुन्हा बोलावलं तर साक्षीला जाणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

लग्न ठरलेला माणूस! बपेऱ्यातल्या कोणत्याही बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

त्या बुटारे खटल्यातली मुख्य आरोपी पॉलिन न्यिरामासुहुको. वंशसंहाराच्या काळात ती रवांडा सरकारात मंत्री होती, आणि खातं होतं कुटुंब व महिला विकास. आपल्या हाताखालच्यांना बलात्कार करू दिल्याबद्दल २०११ मध्ये ती दोषी ठरली. बाई आहे म्हणून बाईच्या बाजूची, हा आपला भाबडा समज तिथे पुसला गेला असेल तर बरं. खैरलांजीच्या जमावातही बाया होत्या असं सांगणाऱ्यांनी सांगितलंच होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बलात्कारांतून रवांडातल्या कित्येक बायांना एचआयव्हीची लागण झाली. अरूशाच्या तुरुंगात असलेल्या आरोपींना संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाने औषधं मिळत होती. कैद्याची काळजी घ्यायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या बायांच्या साक्षींवर खटला उभा होता त्या आपापल्या डोंगरावरच्या खेड्यांत औषधांवाचून मरत होत्या, कारण साक्षीदाराला औषध देण्याची तरतूद कित्येक वर्षं कोणाच्या अंदाजपत्रकात नव्हती. एवढ्या थोरामोठ्यांनी एवढा विचार करून न्यायालय बांधलं. आरोपीचे हक्क मोजले, न्यायाधीशांचे भत्ते मोजले. साक्षीदार बाई साक्ष देऊन घरी जाते आणि तिथे तिला जगायचं असतं, हे तेवढं विसरले.

हेगला आता कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, २००२ पासून. त्याच्या नियमांत बाईच्या गप्प राहण्यावरून संमती काढायची नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. भारत त्याचा सभासद नाही. तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बलात्कारांबद्दल ज्याँ-पिएर बेम्बा या सेनानीला २०१६ मध्ये दोषी ठरवलं. पाच हजारांहून जास्त पीडित त्या खटल्यात सहभागी होते. जून २०१८ मध्ये अपिलात तो सुटला. निकाल कायद्याने बरोबर की चूक, यावर पंडित अजून वाद घालतात. पण त्या पाच हजारांना गावी कोणी काय म्हटलं असेल, ते कल्पनेने सांगता येतं. "झालं समाधान? कायले गेली होती मग?"

हा "कायले" मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पानठेल्यावर, रोवणीच्या बांधीत, पंगतीत. आपल्याकडची कुठलीही घटना घ्या, पहिला प्रश्न हाच. कायले गेली होती? एकटीच कायले होती? मोबाईल कायले देला तिले? बाई रोवणीला जाते, मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाते, तेंदूपत्त्याला जाते, संडासला बाहेर जात होती तेव्हा अंधारात जात होती. या साऱ्या कामांना जाताना तिला कोणी "कायले" विचारत नाही, कारण त्यावर घर चालतं. तिच्यावर कोणी हात टाकला की मात्र ती घराबाहेर असण्याचाच खुलासा तिच्याकडे मागायचा.

समजा, आमच्या भागातली एखादी मुलगी तक्रार द्यायला निघाली. मी कुठल्या एका ठाण्याबद्दल बोलत नाही. रस्ता सगळ्यांचा सारखाच आहे. ठाणं सिहोऱ्याला, दवाखाना तुमसरला, न्यायालय भंडाऱ्याला. एसटीने जायचं, आणि एसटीत सगळी ओळखीची. ठाण्याच्या आवारात ती उभी राहिली की पानठेल्यावर बातमी तिच्या आधी पोचते. जबाब एकदा सांगायचा ठाणेदारापुढे, एकदा डॉक्टरपुढे, एकदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, एकदा भरल्या घरात आत्यामावश्यांपुढे. मग उलटतपासणी. प्रत्येक वेळी एक तपशील इकडचा तिकडे झाला की "जबाबात विसंगती." बारशापासूनच्या तारखा अचूक सांगणारा माणूस मला दाखवा आणि मग तिच्याकडून अचूकपणा मागा.

कायद्याने तिला बरंच काही दिलं आहे, हेही सांगितलं पाहिजे, कारण ते कोणी सांगत नाही. हद्द कुठलीही असो, ठाण्याने गुन्हा नोंदवलाच पाहिजे. नोंदवला नाही तर त्या अधिकाऱ्यालाच शिक्षा आहे. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्याने तिच्यावर मोफत उपचार केले पाहिजेत. तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाही. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते, रक्कम प्रकरणानुसार दहा लाखांपर्यंत जाऊ शकते. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभर लागू केली. दोन बोटांची चाचणी, जिने मथुरेला खोटं पाडलं, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. त्या चाचणीविरुद्ध आपल्या विदर्भातूनच, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर वर्षानुवर्षं झगडत होते. पाठ्यपुस्तकात कौमार्याच्या खुणा शिकवल्या जात होत्या, त्या काढून टाका म्हणून त्यांनी आरोग्य विद्यापीठाचं दार ठोठावलं. एका डॉक्टरने मनावर घेतलं की काय होतं याचा हा दाखला. बाकीच्या हजारोंनी तीच खुणांची पानं पाठ करून परीक्षा दिल्या, हाही दाखलाच.

तर कायदा आहे. आता गाव काय करतं ते पाहू. पहिल्या आठवड्यात दोन्हीकडचे पाहुणे जमतात. "मिटवून टाका." पोरीच्या बापाला शेत आठवून दिलं जातं, धाकट्या बहिणीचं लगीन आठवून दिलं जातं. शेवटचा उपाय म्हणून एखादा शहाणा सुचवतो, की त्याच पोराशी लावून द्या. खैरलांजीनंतर वर्षभरातच राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाच्या, रस्त्याच्या भांडणांसाठी ती उपयोगाची असेल. पण बलात्कार म्हणजे तंटा नव्हे. तो तडजोडीचा गुन्हा नाही, लग्नाच्या नावाखालीही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात कडक शब्दांत सांगितलं आहे. तरी गावाला कागदावर शांतता हवी असते. मग साक्षीदार फितूर होतात. शेजारीण म्हणते मी तेव्हा माहेरी होते, काका म्हणतो मला ऐकू कमी येतं. खटला पडतो. आणि खटला पडला की पुन्हा तेच लोक, बिनदिक्कत: "पाहिलं? केस खोटीच होती. पैशासाठी केली."

साक्ष फिरवणारे तुम्ही, आणि खोटी ती?

इथे मला ताराबाई शिंद्यांची आठवण येते. त्या आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशी सुनावली गेली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या अनीतीवर कोरडे ओढले. ताराबाईंनी पुढच्या वर्षी "स्त्रीपुरुष तुलना" छापून त्या लेखकांना जाब विचारला. ते मूल काय एकटीचं होतं? पुरुष कुठे गेला? त्या पुस्तकाची समाजाने अशी दखल घेतली, की ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचं दिसत नाही. साक्ष देणारीला लिहूनही सुटका नसते.

माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांचाही हिशेब व्हावा. वर्तमानपत्रात "अबला", "तरुणीवर अतिप्रसंग", "प्रेमसंबंधातून" असे ठरीव शब्द कोण बसवतं? "प्रेमसंबंधातून" हा शब्द तर तपास सुरू व्हायच्या आधीच आरोपीचा वकील होऊन बसतो. कीर्तनकार सीतेच्या अग्निपरीक्षेवर तास तास बोलतात, पण अग्नी पेटवणाऱ्यांवर एक वाक्य बोलत नाहीत. मास्तर शाळेत मुलींना घरी लवकर जा म्हणतात. मुलांना कधी काही म्हणतात का? आणि आपल्या पुढाऱ्यांची तर सोयच वेगळी. पीडिता आपल्या जातीची असेल तर मोर्चा, आरोपी आपल्या जातीचा असेल तर "निष्पक्ष चौकशी." बाई कोणाची, हे ठरल्याशिवाय आपल्याला राग येत नाही.

"पण खोट्या तक्रारी होतात त्याचं काय?" हा प्रश्न आता कोणीतरी विचारणारच. होतात, कधीकधी होतात. चोरीच्याही खोट्या तक्रारी होतात, म्हणून ठाण्यात सायकल हरवली सांगणाऱ्याला कोणी पहिल्यांदा त्याच्या चारित्र्याबद्दल विचारत नाही. तपास करायला पोलीस आहेत, पारखायला न्यायालय आहे. गावाने निकाल देण्याची गरज नाही. गावाकडून कायदा एकच गोष्ट मागतो, पाहिलं असेल ते सांगा. तेवढीच आपण नाकारतो, आणि न मागितलेला निकाल मात्र रोज देतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, बपेऱ्यात आणि बपेऱ्यासारख्या प्रत्येक गावात, एक विषय पटलावर घ्या. लैंगिक गुन्ह्यात ग्रामपंचायत, तंटामुक्ती समिती किंवा कोणतीही जात पंचायत मध्यस्थी करणार नाही, असं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्यावर सह्या करा. बचत गटांच्या बायांनी ठरवावं, की तक्रार देणारी कोणत्याही जातीची असो, ठाण्यात, दवाखान्यात आणि तारखेला तिच्यासोबत दोघीजणी जातील. सुनावणी बंद दाराआड असते, आत जाता येणार नाही. बाहेरच्या बाकावर बसता येतं. ज्याने काही पाहिलं असेल त्याच्या घरी साक्षीच्या आदल्या दिवशी पाहुणे जमले, तर त्या पाहुण्यांची नावं पोलिसांना कळवावीत. साक्षीदाराला धमकावणं हाही गुन्हाच आहे, हे चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावं. तारीख बहुधा रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांतच पडते. सोबत जाणाऱ्या बायांची त्या दिवशीची मजुरी बुडेल, एसटीचं भाडं लागेल. ते ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून द्यावं. गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी करायला तिच्याकडे पैसे निघतात.